समजून घ्या : खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही, मग सर्वांत जवळचे कोणते? दीपनगर ते मेळघाट रोड ट्रिप आणि हतनूरच्या पाण्याचे नाते

दीपनगर : पावसाळ्यात आपल्या भागात एक बातमी दरवर्षी हमखास येते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. गंमत म्हणजे अनेकदा त्या दिवशी भुसावळ, वरणगाव, दीपनगर भागात थेंबही पडलेला नसतो. लोक पुलावर उभे राहून लाल-मातकट पाणी बघतात आणि म्हणतात, 'वरती पाऊस झाला असेल.'

हे 'वरती' म्हणजे नेमके कुठे? त्याच्या उत्तरातला एक मोठा भाग मेळघाट आहे. तिथले गुगामल राष्ट्रीय उद्यान हे भुसावळ-दीपनगर भागातून गाडीने गाठता येणारे सर्वांत जवळचे राष्ट्रीय उद्यान. सुट्ट्यांमध्ये तिकडे जाण्याचा बेत अनेक जण आखतात. पण जायचे कुठून, कधी, तिथे बघायचे काय आणि कोणते नियम पाळायचे, याबाबत गोंधळ असतो. तो सोडवण्याचा हा प्रयत्न.

थोडक्यात महत्त्वाचे

• जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जंगले आहेत, पण राष्ट्रीय उद्यान एकही नाही.

• मेळघाटच्या उत्तर उताराचे पाणी तापीत जाते, दक्षिण उताराचे पूर्णेत. या दोन्ही नद्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे एकत्र येतात आणि ते पाणी हतनूरला पोहोचते.

• दीपनगरहून जाण्यासाठी तीन मार्ग आहेत. प्रत्येक मार्गाने दिसणारे जंगल वेगळे आहे.

• फक्त वाघ बघायला गेलात तर निराश होण्याची शक्यता जास्त. नदी, झाडे आणि माणसे बघायला गेलात तर दोन दिवस कमी पडतील.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प : फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच 'जंगल' म्हणतो. कायद्यात मात्र प्रकार वेगवेगळे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार सर्वांत कडक संरक्षण राष्ट्रीय उद्यानाला असते. तिथे गुरे चारायला परवानगी नसते आणि खासगी हक्कही ठेवता येत नाहीत. अभयारण्यात थोडी मोकळीक असते, अटींवर चराईला परवानगी मिळू शकते.

व्याघ्र प्रकल्प हा त्यावरचा आणखी एक थर. त्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्ये दोन्ही येऊ शकतात. मधला भाग गाभा म्हणजे कोअर, आणि त्याच्या भोवतीचा भाग बफर. चौथा प्रकार आहे संवर्धन राखीव क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. दोन संरक्षित जंगलांना जोडणारे सरकारी जमिनीवरचे पट्टे वाचवण्यासाठी याचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा : ताडोबा, नवेगाव, पेंच, संजय गांधी (बोरिवली), चांदोली आणि गुगामल. आपल्याकडे यावल अभयारण्य आहे (१९६९, सुमारे १७७ चौरस किलोमीटर), शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे, चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट आहे. मुक्ताईनगर तालुक्यात मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राष्ट्रीय उद्यानासाठी मात्र अमरावती जिल्ह्याची वाट धरावी लागते.

मेळघाट म्हणजे नेमके काय?

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील हा सगळा प्रदेश. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचा समावेश होता. कान्हा, कॉर्बेट, रणथंबोर, सुंदरबन यांच्या पंक्तीत महाराष्ट्रातून हे एकच नाव होते.

आज प्रकल्पाचा गाभा सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान ३६१ चौरस किलोमीटर. बाकी मेळघाट, वान, अंबाबरवा आणि नरनाळा ही अभयारण्ये. यांपैकी अंबाबरवा बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात येते, म्हणजे आपल्या बाजूला सर्वांत जवळ. भोवती सुमारे १,२६८ चौरस किलोमीटरचा बफर आहे. सर्वांत उंच ठिकाण वैराट, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१७८ मीटरवर. चिखलदरा त्याच डोंगरावर वसलेले आहे. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच.

हतनूरचे पाणी आणि मेळघाटचे जंगल : संबंध काय?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. गाविलगडची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या उत्तरेला तापी, दक्षिणेला पूर्णा. रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांमध्ये हातभर अंतर असेल, तरी एक उत्तरेला आणि दुसरा दक्षिणेला जाऊ शकतो.

उत्तरेकडे गेलेला थेंब सिपना, खंडू, खापरा, गडगा किंवा डोलार यांपैकी एखाद्या नदीत उतरतो. या पाचही नद्यांचे पाणी तापीला मिळते. तापी बऱ्हाणपूरवरून रावेर तालुक्यात शिरते आणि खाली येते. दक्षिणेकडे गेलेला थेंब वान, शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांतून पूर्णेला मिळतो. पूर्णा अकोला, बुलढाणा जिल्हे ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यात येते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि तिथून पुढे हतनूर. म्हणजे दोन वाटांनी निघालेले ते दोन थेंब आपल्याच दारात पुन्हा भेटतात.

अर्थात सगळे पाणी इथपर्यंत येत नाही. वान आणि शहानूर या नद्यांवर पायथ्याशी धरणे आहेत. अकोट, तेल्हारा, अंजनगाव पट्ट्यातील कितीतरी गावे त्या पाण्यावर अवलंबून आहेत. शिवाय तापीत बैतूल जिल्ह्याचेही पाणी असते, कारण नदीचा उगमच तिथे मुलताईला आहे. पण हतनूरचे ४१ दरवाजे उघडले जातात तेव्हा त्या लोंढ्यात मेळघाटचा वाटा असतो.

जंगल इथे दोन कामे करते. एक, उतारावर पडलेला पाऊस झाडांच्या मुळांमुळे आणि पालापाचोळ्यामुळे थोडा थांबतो, मुरतो आणि नंतर सावकाश झऱ्यांतून बाहेर येतो. दोन, माती धरून ठेवतो. उतार उघडे पडले की पाणी एकदम येते आणि सोबत गाळ आणते. हतनूरमध्ये साचलेल्या गाळाची चर्चा आपल्याकडे नवी नाही. गाळ वाढला की तेवढी पाण्याची जागा कमी होते. याच खोऱ्याच्या पाण्यावर शेती, शहरांच्या नळयोजना, रेल्वे आणि औष्णिक वीज केंद्र चालते. वीज कोळशावर तयार होते हे आपल्याला माहीत असते, पण त्या कोळशाने तापवायला आणि वाफ पुन्हा थंड करायला पाणी लागतेच.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. तापीचे पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायचे, अशी ही कल्पना. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात भूजल खोल गेले असल्याने तिकडे या योजनेकडे डोळे लागले आहेत. मात्र मुरवायला आधी पाणी नदीत यावे लागते, आणि ते येते वरच्या डोंगरांतून.

'उष्णकटिबंधीय जंगल' म्हणजे हिरवेगार. मग एप्रिलमध्ये इथे उजाड का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उष्णकटिबंधीय म्हटले की टीव्हीवर बघितलेले ॲमेझॉन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, विषुववृत्तापर्यंतचा सगळा भाग उष्ण कटिबंधात येतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, मेळघाट एकवीस अंशांच्या आसपास, भुसावळही तसेच.

कटिबंध तोच असला तरी जंगल कसे असेल, हे पाऊस वर्षभर पडतो की चारच महिने, यावर ठरते. मेळघाटचे जंगल उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे. सागवान मुख्य, सोबत ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, बांबू. पानांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून ही झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात. म्हणजे उजाड दिसणारे जंगल मेलेले नसते, ते पाणी वाचवत असते. पळस पेटल्यासारखा फुलतो तो याच दिवसांत आणि मोहाची फुलेही तेव्हाच पडतात.

याचा एक फायदा पर्यटकांना होतो. पाने नसल्याने लांबचे दिसते आणि प्राणी पाणवठ्यावर यायला लागतात. तोटा असा की वाळलेला पाचोळा काडीपेटीसारखा पेटतो. उन्हाळ्यात मेळघाटच्या वन कर्मचाऱ्यांची मोठी शक्ती वणवे रोखण्यात जाते. गाडीच्या खिडकीतून टाकलेले बिडीचे थोटूक किती महागात पडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

दीपनगरहून जायचे कसे? तीन मार्ग

पहिला मार्ग, शहानूर-नरनाळा : राष्ट्रीय महामार्ग ५३ ने वरणगाव, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा. तिथून जळगाव जामोद, संग्रामपूर, हिवरखेड करत अकोट. अकोटच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी शहानूर गेट आणि वर नरनाळा किल्ला. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. एका मुक्कामात होणारी ही ट्रिप. किल्ला आणि जंगल दोन्ही बघायचे असेल तर हाच मार्ग.

दुसरा मार्ग, चिखलदरा-सेमाडोह : अकोटहून अंजनगावमार्गे परतवाडा. परतवाड्याहून एक रस्ता चिखलदऱ्याला जातो, दुसरा घटांगमार्गे सेमाडोह, कोलकास, हरिसाल आणि धारणीला. अंतर अडीचशे किलोमीटरच्या पुढे. दोन मुक्काम हवेत. सेमाडोह आणि कोलकास दोन्ही सिपना नदीकाठी. कोलकासचे विश्रामगृह नदीच्या वळणावर आहे. नुसते ओट्यावर बसले तरी तास-दोन तास निघून जातात. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला इतिहासप्रेमींनी चुकवू नये. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो जिंकला होता.

तिसरा मार्ग, बऱ्हाणपूर-धारणी : भुसावळ, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर आणि तिथून देडतलाईमार्गे धारणी. कोलकासपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास. तापी सोबतीला ठेवून वर चढणारा हा मार्ग. बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा बघण्यासाठी दोन तास राखून ठेवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल काळात बांधलेली ही भूमिगत पाणीयोजना आहे. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपून तापीकडे निघालेले पाणी विहिरींची साखळी आणि बोगदे करून शहरात आणले होते. डोंगरातले पाणी आणि खालचे शहर यांचे नाते चारशे वर्षांपूर्वी ज्यांना कळले होते, त्यांचे काम खाली उतरून बघता येते.

ज्यांना वेळ असेल त्यांनी जाताना पहिला आणि येताना तिसरा मार्ग धरावा. पूर्णेच्या बाजूने चढायचे आणि तापीच्या बाजूने उतरायचे. सगळे खोरे एका फेरीत समजते.

एक सूचना : मोबाइलचा नकाशा कधी कधी जंगलातला आतला रस्ता 'सर्वांत जवळचा' म्हणून दाखवतो. त्यातले काही रस्ते खासगी वाहनांना बंद असतात, काहींवर रात्री वाहतूक बंद ठेवली जाते. मोठा रस्ता सोडण्याआधी नाक्यावर विचारून घ्या.

रस्त्यात काय लागते?

पहिल्या मार्गावर मुक्ताईनगर ओलांडताना डावीकडे, उत्तरेला वढोदा, डोलारखेड्याचा जंगलपट्टा येतो. हेच मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र. इथे वाघांनी केळीच्या बागांमध्ये आसरा घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कारण साधे आहे. ठिबकवर वाढलेली केळीची बाग भर उन्हाळ्यातही गार, ओली आणि दाट असते. रानडुकरे तिथे येतात. वाघाच्या दृष्टीने सावली, पाणी आणि शिकार एकाच ठिकाणी. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र रात्री पाणी द्यायला जाणे म्हणजे जिवावरचे काम.

हे जंगल लहान आहे, पण त्याची जागा मोक्याची आहे. पूर्वेला अंबाबरवा आणि मेळघाट, पश्चिमेला यावल आणि पुढे अनेर. वाघाला नवे घर शोधायला जागा लागते. तो किती चालू शकतो, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत, सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. जंगलांचे हे तुकडे जोडलेले राहिले तर यावलसारख्या जंगलात, जिथे अतिक्रमण आणि वृक्षतोडीने बराच फटका बसला आहे, तिथेही वाघ परतण्याची शक्यता उरते.

जळगाव जामोद परिसरातून जाताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इथल्या काही गावांत निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ती बसत नाही, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर जगातले एक भाषिक कोडे आहे.

वाघ दिसला नाही तर पैसे वाया गेले का?

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. मेळघाटातही वाघ आहेत. पण ताडोबासारखे सपाट, मोकळे रस्ते इथे नाहीत. डोंगर, खोल दऱ्या आणि दाट बांबू. त्यामुळे वाघ दिसणे हा नशिबाचा भाग. रानगवा, सांबर, अस्वल, कोळसून म्हणजे रानकुत्रे, बिबट्या हेही इथले रहिवासी. धिप्पाड रानगवा रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीकडे बघतो तेव्हा कॅमेरा काढायचे भान राहत नाही.

पण खान्देशातल्या माणसाने इथे आवर्जून शोधावा असा जीव वेगळाच आहे. रानपिंगळा. वीतभर उंचीचे घुबड, आणि तेही दिवसा वावरणारे. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढच्या दशकात खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा भागातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब. गुजरातमधून १९१४ मध्ये मिळाल्याचा एक दावा होता, त्यामुळे शोधणारे तिकडेच शोधत राहिले. तो दावा खोटा निघाला. जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींवर विश्वास ठेवून शहाद्याजवळच्या जंगलात शोध घेतला आणि पक्षी सापडला. ११३ वर्षांनी! तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होते. जगभर बातमी झालेला हा शोध आपल्या धुळे जिल्ह्यातला. त्यानंतर मेळघाट आणि यावलमध्येही रानपिंगळा आढळला. वाघाच्या मागे धावणाऱ्या जिप्सीतून तो दिसत नाही. सकाळच्या उन्हात, सागाच्या विरळ फांदीवर, शांत थांबल्यावरच दिसतो.

जंगलात माणसेही राहतात

मेळघाट म्हणजे कोरकू आदिवासींचा प्रदेश. कोरकू भाषा मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाली-मुंडारीची नातेवाईक. या कुळातली ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा मानली जाते. 'मेळघाट' हे नाव महाराष्ट्राने मात्र १९९० च्या दशकात ऐकले ते कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. धारणी तालुक्यातील बैरागड येथे वर्षानुवर्षे रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा. वाघासाठी गाभ्यातली गावे बाहेर हलवली जातात. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे इथे आधी बाहेर आली, पुढे आणखी गावे आली. प्रत्येक कुटुंबासाठीचे पॅकेज आधी १० लाखांचे होते, २०२१ मध्ये १५ लाख झाले. रिकाम्या झालेल्या गावांच्या जागी कुरणे वाढली, हरणे आली, त्यामागे वाघ आले. ही एक बाजू. दुसरी बाजू जानेवारी २०१९ मध्ये दिसली. सोयी-सुविधा मिळाल्या नाहीत, असे म्हणत पुनर्वसित गावकरी पुन्हा जंगलात गेले आणि वन कर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

तिसरी वाटही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. गावाने उजाड डोंगर राखला, झाडे वाढवली, सीताफळे विकून उत्पन्न मिळवले. २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. म्हणजे माणसे हलवूनही जंगल वाढते आणि माणसांच्या हातात देऊनही वाढते. कुठे काय चालेल, हे त्या गावाला विचारूनच ठरवायला हवे.

पर्यटक म्हणून आपल्याला करता येण्यासारखे : गाइड स्थानिक घ्या, जेवण गावातल्या बचत गटाकडे घ्या, आणि परवानगीशिवाय कोणाच्या घराचे, मुलांचे फोटो काढू नका.

जंगलातल्या रस्त्यावर ४० चा वेग का?

हा नियम अनेकांना जाचक वाटतो. सोपे गणित बघू. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर सांबर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. एकूण जवळपास ७० मीटर. डिपरच्या उजेडात स्पष्ट दिसते साधारण ४०-५० मीटर. म्हणजे प्राणी दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

वेग ४० वर आणला तर हेच अंतर २५ मीटरच्या आसपास येते. वेग निम्मा, पण थांबण्याचे अंतर निम्म्याहून खूप कमी, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यात घाटाचा उतार आणि ओला रस्ता धरला तर आणखी सावधगिरी हवी. रानगव्याला धडकलेल्या गाडीत माणूसही सुरक्षित राहत नाही. त्यामुळे अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचायचे, हा सर्वांत साधा उपाय.

कधी जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : जंगल हिरवे, नद्यांना पाणी, पक्षी भरपूर. थंडी कडक, स्वेटर-कानटोपी हवीच. कुटुंबासाठी उत्तम काळ.

मार्च ते जूनचा पहिला आठवडा : ऊन तापते, पण प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी बघण्याचा 'निसर्गानुभव' उपक्रम वन विभाग राबवतो. जागा मोजक्या असतात, नोंदणी आधी करावी लागते.

जुलै ते सप्टेंबर : गाभ्यातली सफारी पावसात साधारणपणे बंद असते. चिखलदरा मात्र ढगांत असतो. धबधबे बघायला गर्दी होते, शनिवार-रविवार टाळा.

निघण्यापूर्वी हे तपासा

• सफारी आणि मुक्कामाचे बुकिंग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. दर आणि वेळा बदलतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओतील माहितीवर जाऊ नका.

• सर्वांचे मूळ ओळखपत्र सोबत ठेवा.

• अकोट, परतवाडा किंवा धारणीला टाकी फुल करा. आत पंपाचा भरवसा धरू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर परतीचा हिशेब आधीच करा.

• आत अनेक ठिकाणी नेटवर्क नसते. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि घरी मार्ग सांगून निघा.

• पिण्याचे पाणी घरून कॅनमध्ये न्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात टिकते आणि प्लास्टिकचा कचराही होत नाही. कचरा परत आणायचा, माकडांना खायला द्यायचे नाही.

• हॉर्न, स्पीकर, ड्रोन नको. मोबाइलबाबत गेटवर जो नियम सांगतील तो पाळा.

• दोन दिवस जमत नसतील तर यावल अभयारण्यातील पाल गाठा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. सुकी नदी, सागाचे जंगल आणि तोच सातपुडा.

कोलकासला सिपनेच्या काठावर उभे राहिलात तर मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. समोरून वाहणारे हे पाणी आपल्या गाडीच्या आधी निघाले आहे, आणि वाटेत कोणी अडवले नाही तर ते आपल्याच गावाकडे चालले आहे.